ठणठणीत असल्याचा दाखला

माझ्या कपाटात एका डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा कागद आहे. त्यावर लिहिलंय की माझं हृदय व्यवस्थित चालतं, कान वाहत नाहीत, कातडीला कसला संसर्ग नाही, फिट येत नाही आणि मी पोहायला योग्य आहे. हा कागद दाखवल्याशिवाय आमच्या जवळच्या तलावावर आत सोडत नाहीत, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तो काढला. त्याच आठवड्यात मी ऑफिसात सांगितलं, की माझी पाठ दुखते आणि मला दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी फिजिओथेरपीला जावं लागणार आहे.

पाठ दुखत नव्हती. आजही दुखत नाही.

हे लिहिताना मला लाज वाटायला हवी, आणि एप्रिलमध्ये ती वाटलीही होती. आता रागच जास्त येतो. एका दारातून आत जायला मी ठणठणीत असावं लागतं आणि दुसऱ्या दारातून तासभर बाहेर पडायला आजारी, आणि मधल्या मला, जिला फक्त पोहायचं आहे, तिला कुठलाच दरवान ओळखत नाही.

आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आई घरी, आणि मी नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमध्ये कुठे काय मोडतंय ते शोधायचं आणि लिहून ठेवायचं. बोलावं कमी लागतं, बघावं जास्त, म्हणून हे काम मला जमतं. सापडलेल्या प्रत्येक चुकीला आम्ही एक दर्जा देतो. पी-वन म्हणजे आत्ताच्या आत्ता, पी-फोर म्हणजे सवडीने. इतक्या दिवसांत मी पी-फोर पाहिलेला नाही. एका बटणाचा निळा रंग किंचित फिका होता, तेही पी-वन होतं, आणि त्यासाठी आम्ही सात जण एका खोलीत उभे होतो.

पोहणं मला शाळेतच आलं असतं. माझ्या इंग्रजी शाळेत स्वतःचा तलाव होता. सहावीत वर्गाला तलावावर न्यायला लागले तेव्हा मी आईला म्हटलं, मला तो पोहायचा पोशाख घालून सगळ्यांसमोर उभं राहायचं नाही. आईने फार विचारलं नाही. वहीचा कागद फाडला आणि सुबक इंग्रजीत चिठ्ठी लिहिली: माझ्या मुलीला सर्दी झाली असल्यामुळे कृपया तिला आजच्या तासातून सूट द्यावी. सरांनी चिठ्ठी वाचली न वाचली आणि बाकाकडे बोट दाखवलं. बाकावर आधीच पाच-सहा जणी बसल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी. मुलगा एकही नव्हता. पुढची चार वर्षं मी सर्दीवर काढली. त्या बाकावर बसून मी मुलांना पाण्यात उड्या मारताना पाहिलं, आणि कुणालाही, अगदी आईलाही, यात काही विचित्र वाटलं नाही.

सव्विसाव्या वर्षी मी स्वतःहून गेले. बायकांची बॅच सव्वाआठ ते नऊ. सहाला आणि सातला पुरुषांच्या बॅचेस, संध्याकाळी मुलं आणि कुटुंबं, शनिवार-रविवार सभासदांचे कार्यक्रम. बायकांना जी वेळ दिली आहे तिचं एकच लक्षण: त्या वेळी नोकरी करणारी बाई येऊच शकत नाही. तरी बॅचमध्ये आम्ही नऊ जणी होतो. शिकवणाऱ्या बाई हरियाणाच्या, पन्नाशीच्या, ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी. आमच्यासमोर त्या कधी पाण्यात उतरल्या नाहीत. पहिल्या दिवशी मी कडेची दांडी सोडेना, तेव्हा वरून म्हणाल्या, "डरना है तो मुँह बंद करके डर, बेटा. नहीं तो पानी पिएगी."

मी तोंड बंद करून घाबरले. ते मला येतंच.

मे महिन्यात मला पहिल्यांदा तरंगता आलं. मी दिवसभर स्वतःला कुठे ठेवायचं याच विचारात असते. मेट्रोत पिशवी छातीशी धरायची, लिफ्टमध्ये कोपरा गाठायचा, मीटिंगमध्ये पडद्याच्या उजेडाबाहेरची खुर्ची धरायची. पाण्यात तो विचार निघून गेला. कान पाण्याखाली गेले की हाका येत नाहीत. आठवड्यातले ते दीड तास मी कुणाच्या नजरेत नसते, स्वतःच्याही नाही. याहून जास्त मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथेही सांगणार नाही. एवढंच सांगते की आठवड्याच्या सगळ्या तासांतून मला एक काय ठेवायचंय असं कुणी विचारलं असतं, तर उत्तर तयार होतं.

कुणी विचारलं नाही, म्हणून मी खोटं बोलले.

आमचा टीम लीड माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, बोलायला गोड. आमच्यात हिंदी आणि इंग्रजी चालतं, मी इथे मराठीत लिहितेय. साडेनऊला रोज सगळ्यांनी उभं राहून कामाचा आढावा द्यायचा असतो. तलावापासून ऑफिस मेट्रोने गाडी बदलून तासाच्या वर. मी त्याच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, मंगळवार-गुरुवार मी पावणेअकराला आले तर चालेल का, संध्याकाळी भरून काढीन. तो म्हणाला, "सगळं ठीक ना?"

त्या एका क्षणात मला आमच्याच टीममधली ती मुलगी आठवली, जिने गेल्या वर्षी बुधवारी सहाला निघायची परवानगी मागितली होती. कथकच्या क्लाससाठी, असं तिने खरंखरं सांगितलं होतं. परवानगी मिळाली. मग दर बुधवारी ती बॅग उचलायला लागली की कोणीतरी तोंडाने घुंगरांचा आवाज काढायचं. "आपली डान्सर निघाली!" लीडही म्हणायचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बुधवारी साडेपाचला मीटिंग लागायला लागल्या. मग तिने क्लास सोडला. त्या वेळी मीही हसले होते. थोडंसंच, पण हसले होते.

"पाठ," मी म्हटलं. "फिजिओथेरपी."

त्याचा चेहरा असा मऊ झाला की मला वाटलं, हा आता माझ्यासाठी रजा काढतो की काय. "अरे, आधी सांगायचंस ना! आरामात ये. फोनवरूनही जॉईन होऊ नकोस, हेल्थ फर्स्ट." दोन दिवसांत माझ्या टेबलाशी नवी खुर्ची आली, कमरेला आधार असलेली. शेजारी बसणाऱ्या, वयाने मोठ्या सहकाऱ्याने घरून कसल्या तेलाची बाटली आणून दिली आणि कुठे, किती वेळ चोळायचं ते समजावलं. एकदा मी खाली पडलेलं पेन पटकन वाकून उचललं, तर तो ओरडला, "अगं, सावकाश!" मग मी सावकाश उठायला लागले. मंगळवारी सकाळी वीस-वीस वेळा हात फेकून पाणी कापायचं आणि अकरा वाजता खुर्चीचा हात धरून कण्हत बसायचं.

सगळ्यांनी किती चांगुलपणा दाखवला! आणि त्या चांगुलपणाचाच मला राग यायला लागला. म्हणजे हा तास देता येत होता. त्याने कंपनी बुडत नव्हती, ॲप बंद पडत नव्हतं. बाई आजारी पडली की तो लगेच सापडत होता.

जुलैच्या शेवटी गणपतीच्या तयारीसाठी मराठी मंडळातल्या एक काकू घरी आल्या. दिल्लीतली आमची मराठी वस्ती विखुरलेली आहे, पण बातमीच्या बाबतीत ती एकाच चाळीत राहते. काकूंचा मुलगा माझ्याच ऑफिसात, वरच्या मजल्यावर. आई त्यांच्यापुढे चिवड्याची बशी ठेवत होती.

"काय गं, पाठीचं कसं आहे आता?" काकूंनी मला विचारलं. "आमचा सांगत होता, फिजिओ चालू आहे म्हणून. या वयात!"

आईला मी पोहायला जाते हे ठाऊक होतं. केस चिकट होतात, एवढीच तिची तक्रार होती. पाठीचं तिला काहीच माहीत नव्हतं. बशी हातात धरून ती फार तर अर्धा क्षण थांबली.

"बरं आहे आता," आई म्हणाली. "बसून बसून होतं हो हल्ली मुलींना. चिवडा घ्या ना."

"नाही, मी अशासाठी विचारलं," काकू आवाज खाली आणत म्हणाल्या, जणू मी तिथे नव्हतेच, "ते पुण्याचे लोक विचारत होते ना हिच्याबद्दल. म्हटलं, आधी खात्री करून घ्यावी. पुढे मूलबाळ, उचलणं-ठेवणं. त्यांना फसवल्यासारखं नको."

ते पुण्याचे लोक कोण, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याबद्दल विचारणारं कोणी आहे आणि माझी पाठ त्यांच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे, दोन्ही एकदमच. मी आत जाऊन पाणी प्यायले. आणखी काही करायचं धाडस माझ्यात नव्हतं.

काकू गेल्यावर आईने दार लावलं आणि वळली.

"पाठ? पाठ कशाला सांगितलीस? सर्दी तरी सांगायचीस."

"सर्दी सहा महिने टिकत नाही, आई."

"मग देवाचं सांगायचं! मंगळवार आहे, मारुतीला जाते म्हणायचं. या दिल्लीत मंगळवारी हनुमानाला जाणाऱ्याला अडवायची कोणाची बिशाद आहे? देवाकडे कोणी रिपोर्ट मागत नाही."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी दत्त. तो तर आपलाच."

मला हसू आलं असतं, पण ती हसत नव्हती. ती माझ्या खोटेपणावर चिडली नव्हतीच. कच्चं खोटं निवडलं म्हणून चिडली होती, एखाद्या जुन्या कारागिराने नवशिक्यावर चिडावं तशी.

"तुला काय माहीत," मी म्हटलं.

"मला काय माहीत? शनिवारी चार ते पाच मी काय करते?"

"पोथी वाचतेस."

आमच्या घरात हा नियम माझ्या शाळेपासून आहे. शनिवारी चार वाजता आई मागच्या छोट्या खोलीचं दार लोटून घेते. पाच वाजेपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही. बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात. आलेला फोन मी घेते आणि "आई पोथी वाचतेय" म्हटलं की पलीकडचा माणूसही आवाज उतरवतो.

"पोथी वीस मिनिटांत होते," आई म्हणाली. "मग मी खिडकीत पाय वर घेऊन बसते. एक शेंगदाण्याचा लाडू खाते. उपासाला चालतो."

"आणि?"

"आणि काय? बसते. हाक मारत नाही ना कोणी."

"इतकी वर्षं?"

"बारा होतील दिवाळीला. आठवडाभर तुम्ही दोघं नसता तेव्हा घर माझ्या मागे असतं, शनिवारी तुम्ही दोघं असता. नुसती बसलेय म्हटलं तर उठवतात, गं. चहा टाक, चष्मा कुठे आहे, फोन बघ. पोथी वाचतेय म्हटलं की चपलासुद्धा वाजवत नाहीत." मग तिने बशी उचलली. "म्हणून म्हणते, देव बरा. पाठ कशाला मोडून घ्यायची?"

त्या रात्री मी तिच्यावर फार चिडले, मनातल्या मनात, कारण माझं बहुतेक चिडणं तिथेच होतं. शाळेतली चिठ्ठी आठवली. ते सुबक अक्षर. तिला माझ्यासाठी असंही लिहिता आलं असतं की माझ्या मुलीला संकोच वाटतो, तिला थोडा वेळ द्या. तिने सर्दी लिहिली, कारण सर्दीला उत्तर द्यावं लागत नाही हे तिला अनुभवाने माहीत होतं. तिने मला तिच्याकडचं सगळ्यात कामाचं हत्यार दिलं होतं. आणि मी वाढून, पगार मिळवून, नोएडापर्यंत पोचून, तेच हत्यार वापरत होते. बारा वर्षं एका बाईला आठवड्यातली चाळीस मिनिटं बसायला देवाचा आडोसा घ्यावा लागतो, आणि घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी, जे तिच्यावर जीव टाकतो असं समजतो! चष्मा कुठे आहे हे विचारणारी मीही होते.

ऑगस्टमध्ये ऑफिसात एक कार्यशाळा ठरली. विषय: आयुष्यात तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय, ते ओळखा आणि त्याला वेळ द्या. सगळ्यांना सक्तीची. कामाचा वेळ जाऊ नये म्हणून सकाळी साडेआठला ठेवलेली. गुरुवारी.

त्याच गुरुवारी तलावावर बाई आम्हाला पहिल्यांदा नऊ फुटांच्या बाजूला नेणार होत्या. तोपर्यंत आम्ही चार फुटांत पोहायचो, जिथे घाबरलं की पाय टेकतात. खोल बाजू पार केली की कार्डावर शिक्का मिळतो आणि मग अख्खा तलाव आपला. मी बाईंना सांगायला गेले की येता येणार नाही. त्या म्हणाल्या, "ऑफिस में क्या है?" मी विषय सांगितला. त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि तो विषय मला पुन्हा एकदा सांगायला लावला.

कार्यशाळा घेणाऱ्या बाई उत्साही होत्या. प्रत्येकाला एक पिवळी चिकट चिठ्ठी दिली. "जे सर्वांत महत्त्वाचं आहे, तो एकच शब्द लिहा. विचार करू नका, मनातून येऊ द्या." मग सगळ्यांनी आपापली चिठ्ठी काचेवर चिकटवली. जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर 'फॅमिली' होतं. शनिवारीही ऑफिसात येऊन बसणाऱ्यांनीही फॅमिली लिहिलं होतं. कथक सोडलेल्या मुलीने काय लिहिलं ते मी मुद्दाम पाहिलं. फॅमिली. माझ्या हातात पेन होतं, शब्द तयार होता, आणि मी 'हेल्थ' लिहिलं.

"महत्त्वाचं आहे त्याला कॅलेंडरमध्ये जागा द्या," बाई सांगत होत्या. "नाही म्हणायला शिका." समोरच्या घड्याळात आठ चाळीस झाले होते. त्या वेळी आठ जणी एकामागून एक खोल पाण्यात शिरत होत्या.

"आमच्याकडे एक उदाहरण आहे," लीड मध्येच कौतुकाने म्हणाला आणि माझ्याकडे हात केला. "हिची पाठ. हिने बघा प्रायॉरिटी बरोबर लावली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या न दुखणाऱ्या पाठीसाठी. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मी लाजले.

सप्टेंबरमध्ये एच.आर.ची मेल आली. ज्यांना वैद्यकीय कारणासाठी वेळेची सूट आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत डॉक्टरांचे कागद पोर्टलवर चढवावेत, नाहीतर सूट रद्द. पेच सरळ होता: कागद दिला तर तास राहील, नाही तर जाईल. मी आईला सांगितलं. आईने लगेच फोन उचलला. "आपले डॉक्टर देतील लिहून. ओळखीचे आहेत, मणक्याचं काहीतरी लिहितील. करू फोन?"

हे तेच डॉक्टर, ज्यांनी एप्रिलमध्ये मी पोहायला योग्य असल्याचं लिहून दिलं होतं. त्याच टेबलावर, त्याच पेनाने, त्याच शिक्क्याखाली आता मी मोडकी असल्याचं लिहून देणार. आणि मी ते घेणार, आणि मला तास मिळणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. कितीदा? आईसारखी बारा वर्षं?

"नको," मी म्हटलं.

"मग काय देणार आहेस?"

"आहे तोच कागद."

आईने फोन खाली ठेवला. "वेडी आहेस का? तो तर तू ठणठणीत असल्याचा आहे."

"ठणठणीतच आहे मी."

शुक्रवारी दुपारी मी तो कागद चढवला. खाली कारणाचा रकाना होता, त्यात टाइप केलं: स्विमिंग. मग बटण दाबलं. काहीही शूर वाटलं नाही.

सोमवारी लीडने मला काचेच्या लहान खोलीत बोलावलं. लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"हे चुकून दुसरंच काहीतरी जोडलं गेलंय बहुतेक."

"नाही."

"यात तर लिहिलंय, तू फिट आहेस."

"आहे."

"मग पाठ?"

"पाठ ठीक आहे. पहिल्यापासून. मी खोटं बोलले, त्याबद्दल सॉरी."

तो खरोखर दुखावला गेला होता. "यार, मला वाईट वाटलं. खरं सांगितलं असतंस तर आपण काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला, हे मी पाहिलं. "संध्याकाळची बॅच?"

"बायकांची नाही."

"वीकेंड?"

"बायकांची नाही."

"अच्छा." तो म्हणाला. "पण तरी. सांगायचंस."

"कथकवालीने सांगितलं होतं."

त्याने लॅपटॉपकडे पाहिलं. "ती गंमत होती."

"हो. मीही हसले होते." माझा आवाज मला ऐकू येईल इतका मोठा झाला होता, आणि काचेच्या पलीकडे दोन-तीन जणांनी मान वर केली. "पाठ दुखते म्हटलं तर खुर्ची मिळाली. काम तेव्हाही तेवढंच करत होते, आजही तेवढंच करते. त्याच तासासाठी आता काय बदललं?"

"सूट फक्त मेडिकलला आहे. पॉलिसी आहे, माझ्या हातात नाही."

"मग गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा घेईन. ऑक्टोबरात तलाव बंद होईपर्यंत. रजा माझी आहे."

"संपेल ती."

"माहीत आहे." दिवाळीनंतर मामेबहिणीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं. ते आता गेलं, हे मी हिशेबात धरूनच आत आले होते.

"कारण 'पर्सनल' लिही," तो म्हणाला. मला वाचवायलाच म्हणाला असावा.

"स्विमिंग लिहिते."

मंगळवार गेला. तो मला मिळाला नाही, आणि गेलेल्या मंगळवारचा राग अजून आहे. नवी खुर्ची मी शेजारच्या त्या सहकाऱ्याकडे ढकलली. ज्याने तेल आणून दिलं होतं, त्याच्याकडे. त्याने "नको, नको" केलं, मग बसला, आणि बसताना त्याने जो श्वास सोडला तो ऐकून मला कळलं की कुठे किती चोळायचं हे त्याला इतकं नेमकं कसं माहीत होतं. त्याची पाठ खरंच दुखते. त्याने कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर बढती थांबेल, म्हणाला.

कार्यशाळेत तो तास बुडाल्यापासून खोल बाजू मीच टाळत आले होते. रजेच्या पहिल्या गुरुवारी बाईंनी माझं कार्ड पाहिलं, शिक्का नसलेलं, आणि नऊ फुटांच्या बाजूला चालायला लागल्या. त्या वर कडेने चालत होत्या, मी खाली पोहत होते. मधोमध तळाची निळी फरशी एकदम खाली गेली, पाण्याचा रंग बदलला, आणि मी तोंड बंद करून घाबरले. पलीकडच्या दांडीला हात लागला तेव्हा वरून आवाज आला, "बस? इतना ही था. अब वापस."

काकूंनी पुण्याच्या लोकांना काय कळवलं मला माहीत नाही. तिकडून पुन्हा विचारणा झाली नाही. आई एकदा म्हणाली, "पाठ बरी आहे म्हणून सांगू का त्यांना?" मी म्हटलं, "नको. पोहते म्हणून सांग." तिने सांगितलं नाही.

परवाच्या शनिवारी सव्वाचारला काकूंचाच फोन आला. बाबांनी उचलला, आवाज आपोआप उतरवला आणि म्हणाले, "ती पोथी वाचतेय. पाचनंतर..."

आतून आईचा आवाज आला. मोठा, स्वच्छ.

"पोथी आज वाचलीच नाही. बसलेय नुसती. पाच वाजता करते म्हणावं!"

बाबा फोन हातात धरून लोटलेल्या दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी आवाज पुन्हा नेहमीचा केला. "अगं, नुसतीच बसली आहेस तर घे ना फोन. आणि जरा चहा..."

"बाबा," मी म्हटलं, "तिची वेळ आहे ती. फोन मी घेते. चहा तुम्ही टाका."

"पण वाचत नाहीये ना ती?"

"नाही," मी म्हटलं, आणि फोन त्यांच्या हातातून घेतला.